पुठ्ठ्याचे गाव

आषाढातल्या एका रात्री रंग देऊन ठेवलेली भिंत मी सकाळी पाहिली, तेव्हा ती पापडासारखी वळलेली होती. भिंत म्हणजे दीड मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा. त्यात दोन खिडक्या आणि एक दार कापलेले. आदल्या रात्री मी तिच्यावर करड्या रंगाचा एकच हात दिला होता आणि तोही बाहेरच्या बाजूने, कारण आतली बाजू कोणाला दिसणार आहे, असा माझा हिशेब होता. अडतीस वर्षे मी ड्राफ्ट्समन म्हणून इमारतींचे नकाशे काढले. भिंत फुगली, कलली किंवा तडकली तर पाया पाहावा, वरचा भार पाहावा, ओल कुठून येते ते पाहावे, हे मला पाठ होते. या भिंतीला पाया नव्हता आणि तिच्यावर भारही नव्हता. ओल मात्र होती, आणि ती मीच ब्रशने लावली होती.

पुठ्ठ्याची घरे जोडून रंगवण्याच्या छंदाची सगळी गोम इथे आहे. पुठ्ठा म्हणजे दाबून वाळवलेला लगदा; पाणी भेटले की त्याचे तंतू पुन्हा फुगू लागतात. आपले रंग पाण्यातले, आपला पांढरा डिंक पाण्यातला, आणि पुण्याची पावसाळी हवा कपाटातल्या कोऱ्या कागदालाही सोडत नाही. एका बाजूने रंग दिला की ती बाजू आधी फुगते आणि पुठ्ठा विरुद्ध बाजूला झुकतो. मग रंग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. रात्री झोपताना मी भिंत पाहिली असती तर ती दुसऱ्याच दिशेला वाकलेली दिसली असती, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

या उद्योगात मला ओढले ते माझ्या भाच्याने. तो टेबलावरच्या लढाया खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर यात बुद्धिबळासारखा पट नसतो आणि घरेही आखलेली नसतात. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर दोन्ही बाजूंचे रंगवलेले छोटे सैनिक, चाल मोजायला टेप आणि चकमकीचा निकाल लावायला फासे, एवढ्यावर खेळ चालतो. पट नसल्यामुळे पटाचे सगळे काम जमिनीवर येऊन पडते. टेकडी, कुंपण, ओढा, घर यांपैकी काय कुठे ठेवले आहे, त्यावर कोणाला काय दिसते आणि कोणाची गोळी कुठवर जाते हे ठरते. खेळाडू मध्येच खाली वाकून गाल टेबलाला टेकवतात आणि सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहतात, की घराच्या कोपऱ्यामागून तोफ दिसते आहे की नाही. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे मी या अवस्थेत पाहिली आहेत. भाच्याकडे सैनिक शेकड्यांनी होते आणि घरांच्या जागी मात्र बुटांची खोकी. एके दिवशी त्याने इंग्लंडहून येणाऱ्या मित्राकरवी मागवलेले एक पाकीट माझ्यापुढे टाकले आणि म्हणाला, "मामा, तू आयुष्यभर घरंच काढलीस, हे एक जोडून दे ना."

पाकिटात तीन-चार छापील पुठ्ठे होते. एका इंग्रजी खेड्यातल्या दगडी घराच्या भिंती, उतरते छप्पर, धुराडे, चौकटी, सगळे सपाट आणि आधीच ठशाने कापलेले. हे किट खरे तर लढाईच्या खेळासाठी नव्हतेच. ते खेळण्यातल्या आगगाडीच्या देखाव्यासाठी होते. ब्रिटनमध्ये हा जुना धंदा आहे. यॉर्कशरमधील मेटकाफ ही कंपनी अशी कापीव किटे करते, आणि त्यांचे मुख्य प्रमाण १:७६ असते, म्हणजे तिथल्या घराघरांत धावणाऱ्या लहान आगगाड्यांचे. भाच्याचे प्लास्टिकचे सैनिक १:७२ प्रमाणाचे होते. एवढा फरक नजरेला कळत नाही, म्हणून आगगाडीवाल्यांची घरे लढाईवाल्यांनाही चालतात.

लढाईवाल्यांची स्वतःचीही जमीन आणि घरे मांडण्याची परंपरा आहे. बॅरन फॉन राइसवित्झ यांनी १८१२ मध्ये प्रशियाच्या राजापुढे जो युद्धखेळ ठेवला, त्यात जमिनीचे तुकडे हवे तसे मांडून रणभूमी रचता येत असे. पुढे इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले, आणि त्यांत घरांविषयी एक नियम असा, की ती पोकळ नसावीत, विटांची भरीव रचावीत, म्हणजे कोणी आत सैनिक ठेवून घोळ घालणार नाही. मला हा नियम वाचून हसू आले, कारण त्यानंतरची सगळी प्रगती नेमका हा घोळ घालता यावा म्हणूनच झालेली दिसते. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीच्या १९९५ सालच्या नेक्रोमुंडा या खेळाच्या पेटीत पुठ्ठ्याच्या भिंती आणि प्लास्टिकचे खांब होते, १९९९ च्या मॉर्डहाइमच्या पेटीत पुठ्ठ्याची पडकी घरे होती, आणि दोन्हींत माणसे मजल्यामजल्यांवर चढत, खिडकीतून नेम धरत. आज बॅटल सिस्टम्ससारख्या कंपन्या जाड छापील पुठ्ठ्याच्या इमारती प्लास्टिकच्या चापांनी जोडायला देतात. खेळ संपला की अख्खे शहर सपाट होऊन खोक्यात जाते. लेझरने कापलेली, लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी, म्हणजे एमडीएफ, अलीकडे जास्त चालते, आणि ती अधिक टिकते हे मान्य आहे. पण ती जड असते, तिच्या सांध्यांच्या खाचा भिंतीवर दातांसारख्या दिसत राहतात, आणि तिला कापायला घरातला साधा कटर पुरत नाही. माझे मन पुठ्ठ्यावरच बसले.

पहिले घर जोडताना मी एक चूक केली, जी बहुधा प्रत्येक जण करतो. ठशाने कापलेला तुकडा पुठ्ठ्यातून पूर्ण सुटलेला नसतो. तो चार-सहा ठिकाणी केसाएवढ्या दुव्यांनी चौकटीला धरून असतो. मी तो बोटाने दाबून काढला. दुवे तुटले, पण तुटताना वरचा छापील पापुद्राही थोडा सोलून गेला आणि दगडी भिंतीच्या कडेला पांढरे टवके उडाले. दुवा नेहमी पात्याने कापावा. पातेही नवे हवे. बोथट पाते पुठ्ठा कापत नाही, ते त्याला ढकलते आणि कडेला उंचवटा उभा राहतो. पोलादी फूटपट्टी लावून एकाच दमात आरपार कापण्याचा मोह टाळावा आणि एकाच रेघेवरून चार-पाच वेळा हलक्या हाताने जावे. पहिल्या दोन फेऱ्या तर फक्त पात्याला वाट दाखवण्यासाठी असतात.

दुसरी गोष्ट कडेची. छापील पुठ्ठ्याचा पृष्ठभाग कितीही सुंदर असला, तरी त्याची कापलेली कड पांढरी किंवा राखी असते. चार भिंती जोडल्या की घराच्या चारही कोपऱ्यांवर, खिडकीच्या चौकटीला, छपराच्या टोकाला ही पांढरी रेघ दिसू लागते, आणि दोन हातांवरून पाहणाऱ्यालाही ती सांगते की हे खोके आहे. माझ्या लेखी हौशी माणसाचे घर आणि जाणत्याचे घर यांत फरक असतो तो या रेघेचा. उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. तुकडा सुटल्यावर, चिकटवण्याआधी, प्रत्येक कडेवरून भिंतीच्या रंगाहून किंचित गडद रंग फिरवायचा. मी त्यासाठी रंगीत पेन्सिल आडवी धरून घासतो. स्केचपेनची शाई पुठ्ठ्यात पाझरते आणि दर्शनी बाजूला डाग उठतो. लेझरने कापलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याची गोष्ट उलटी असते. त्याची कड जळून तपकिरी झालेली असते, पाकीट उघडले की चुलीजवळच्या कागदासारखा वास येतो, आणि बोटाला काजळी लागते. इंग्रजी घराला ती कड काळपट पडते, पण मातीच्या घराला ती आयतीच शोभते. हे मला पुढे उपयोगी पडले.

काटकोनासाठी मी सुताराचा लहान गुण्या वापरतो. पुठ्ठ्याचे घर तिरपे जाते ते कोपऱ्यात नव्हे, जमिनीत. तळाला एक पूर्ण तुकडा चिकटवला आणि मध्ये एक आडवी भिंत घातली की ते आयुष्यभर सरळ राहते. आडव्या भिंतीला किटात जागा नसते, ती आपण घालायची. डिंक टूथपिकच्या टोकाने लावायचा आणि दिसेल त्याच्या निम्मा लावायचा.

पण हे सगळे छापील घराचे. लेझरने कापलेले कोरे किट आणले आणि रंगाचे काम सुरू झाले, तशी आषाढातली ती भिंत वळली. मी ती ओली करून शब्दकोशाच्या दोन खंडांखाली दाबून ठेवली, ती सरळ झाली, दुसरा हात दिला आणि ती पुन्हा वळली. तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका बाइंडरकडे गेलो. नकाशांच्या फायली बांधून घ्यायला मी पूर्वी त्याच्याकडे जात असे. मी वाकडी भिंत त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती काय आहे हे विचारलेसुद्धा नाही. मागून राखी पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा काढला, दोन्ही हातांत धरून आधी एका बाजूने हलकेच लववला, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. "हे बघा साहेब, असा सहज लवतो. असा धरला की अडतो. पुठ्ठ्यालासुद्धा उभं-आडवं असतं. पाठीच्या पुठ्ठ्याला आम्ही ते उभं ठेवतो, नाहीतर पुस्तक मिटत नाही."

कारखान्यात लगदा यंत्रावर धावताना त्याचे बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने पडतात, आणि पाणी मिळाले की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. त्यामुळे पुठ्ठा तंतूंच्या आडव्या दिशेला कितीतरी अधिक पसरतो. माझ्या भिंतीत तंतू उभे होते आणि भिंत लांबीला मोठी. सगळे फुगणे लांबीच्या वाट्याला आले होते. तंतू भिंतीच्या लांबीने धावत असते, तर ती फक्त उंचीत किंचित वळली असती आणि तो बाक तळ आणि छप्पर यांनी दाबून धरला असता. चार दशके कागदावर काम करून कागदाला दिशा असते हे मला ठाऊक नव्हते, याची मला त्या दुकानात थोडी लाज वाटली. बाइंडरने मग उपायही सांगितला. रविवार पेठेतून लाखेचा चपडा आणावा, पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळू द्यावा आणि ते पाणी, म्हणजे ते पाणी नव्हेच, दोन्ही बाजूंना एकेक हात द्यावे. स्पिरिट उडून जाते, लाख पुठ्ठ्यात मुरून बसते, पुठ्ठा पातळ लाकडासारखा कडक वाजू लागतो, आणि त्यानंतर पाण्याचा रंग दिला तरी तो आत शिरत नाही. सुताराचे हे पॉलिश इतके दिवस माझ्या दारांना लागत होते. भिंतींना लागेल असे वाटले नव्हते.

त्यानेच घरच्या खळीबद्दलही बजावले. मी काही तुकडे हौसेने गव्हाच्या खळीने चिकटवले होते. खळ कसरीला आणि झुरळांना आवडते. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात ते उगाच नाही. माझ्या एका इंग्रजी धुराड्याचा पाया कोणीतरी खाऊन टाकला होता, तो खाणारा कोण हे त्या दिवशी समजले.

रंगाविषयी मी एवढेच सांगेन की पोस्टर कलर स्वस्त आणि गोड दिसतात, पण वाळल्यावरही ते डिंकाचेच राहतात, आणि वरून दुसरा पातळ हात फिरवला की खालचा रंग जागा होऊन त्यात मिसळतो. माझ्या एका दगडी घराचा असा चिखल झाला. ॲक्रिलिक एकदा वाळले की वाळले. त्यावर गडद, पाण्यासारखा पातळ हात सोडला की तो खाचांमध्ये जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश, कागदावर पुसून पुसून रंग संपत आलेला, उंचवट्यांवरून झटकत न्यायचा, की कडा आपोआप उजळतात. सपाट पुठ्ठ्यावर मात्र खाचाही नाहीत आणि उंचवटेही नाहीत. त्याला आधी अंग द्यावे लागते. भिंतीची पुट्टी, थोडा पांढरा डिंक आणि चाळलेली माती यांचे मिश्रण बोटाने थापून मी भिंतीला लावतो, आणि बोटाचे ठसे तसेच ठेवतो. लिंपलेल्या भिंतीवर बोटे दिसतातच.

लिंपलेल्या भिंतींपर्यंत मी आलो तो असईमुळे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई या गावाजवळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांचे सैन्य यांची लढाई झाली. ती टेबलावर मांडायचे भाच्याच्या मनात कित्येक वर्षे होते. त्यासाठी त्याने १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक जमवले, म्हणजे साधारण १:१०० प्रमाणाचे. हा आकडा ऐकून मी खूश झालो, कारण १:१०० म्हणजे माझे पोटापाण्याचे प्रमाण. नगरपालिकेत मंजुरीला जाणारे घराचे नकाशे मी त्यातच काढत आलो. एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, हिशेब करावाच लागत नाही. पण गाव कशाचे करायचे? बाजारातली किटे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन खेड्यांची. उतरती छपरे, धुराडी, लाकडी पट्ट्यांच्या भिंती. मराठवाड्यातल्या मातीच्या गावाचे पुठ्ठ्याचे किट माझ्या पाहण्यात आले नाही. मी मग भाच्याची दोन इंग्रजी किटे जोडण्याआधी कागदावर छापून घेतली, त्यांच्या खाचा आणि पट्ट्या कुठे आहेत, भिंतीची जाडी कोणत्या बाजूने धरली आहे, छप्पर सुटे ठेवायला आत किती जागा सोडली आहे, हे सगळे समजून घेतले, आणि त्याच रचनेवर माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या धाब्याची, घरे बेतली.

माझे आजोळ मराठवाड्यातले. तिथली घरे पुठ्ठ्यासाठी जणू योजलेलीच असतात: जाड सपाट भिंती, लहान दारे, खिडक्या जवळपास नाहीत, वर सपाट धाबे. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकून चोपायचे काम चाले, आणि पाणी जायला भिंतीतून लाकडी पन्हळ बाहेर काढलेली असे. पुठ्ठ्यात उतरते छप्पर सर्वांत अवघड, सपाट छप्पर सर्वांत सोपे. मी एका घराला माचिसच्या काडीची पन्हळ लावली, माळवदावर उजेडासाठी चौकोनी भोक ठेवले, भिंत वरच्या बाजूला किंचित आत घेतली, कारण मातीची भिंत तळाशी रुंद असते. दार अठरा मिलिमीटरांचे काढले आणि मग वीस केले. सैनिक दोन मिलिमीटर जाडीच्या तळावर चिकटवलेला असतो. मोजून काढलेल्या दारात त्याचे डोके अडकते. प्रमाणबद्ध दार टेबलावर चुकीचे दिसते आणि चुकीचे दार बरोबर दिसते.

यापुढचा घोळ त्याहून मोठा होता. घर १:१०० चे, पण जमीन? दोन नद्यांमधला तो पट्टा १:१०० ने मांडायचा, तर टेबल माझ्या इमारतीच्या जिन्यातून खाली उतरून रस्त्यावर गेले असते. म्हणून जमिनीसाठी एक इंच म्हणजे पंचवीस मीटर धरतात, म्हणजे जवळपास १:१०००. म्हणजे घरे जमिनीच्या मानाने दहापट लांब, दहापट रुंद. माझे सहा मीटरांचे घर टेबलावर साठ मीटर जागा अडवते. त्या हिशेबाने एक घर म्हणजे एक अख्खी आळी. नकाशे काढणाऱ्याला हे पचवणे जड गेले. नंतर आठवले की दिवाळीच्या किल्ल्यात आम्ही हेच करत होतो. विटांवर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकून केलेल्या गडावर सिंहासनस्थ महाराज महाद्वारापेक्षा उंच असत, मावळ्याची ढाल बुरुजाएवढी असे, डोंगरावर हळिवाचे गवत झाडांसारखे उभे राही, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नसे. शेवटी आम्ही गावाची हद्द दाखवणारी एक सपाट पाटी कापली, नियमांच्या दृष्टीने ती पाटी म्हणजे गाव, आणि तिच्यावर पाच घरे आणि मातीच्या तटाचा एक तुकडा सुटा ठेवला. पलटण गावात शिरली की घरे बाजूला सरकवायची.

लढाईत असईने काय केले हे ठाऊक असल्यामुळे मी त्या पाच घरांवर दोन महिने घालवले. जुई नदीकाठचे हे मातीच्या भिंतींचे गाव मराठी फौजेची डावी बाजू धरून होते. त्यात पायदळ होते आणि भोवती तोफा. वेलस्लीच्या उजव्या टोकाकडची तुकडी, ऑरॉक या अधिकाऱ्याच्या हाताखालची, गावापासून दूर राहायचे सोडून थेट गावाकडे सरकली, तिच्यामागे ७४ वी हायलँडर पलटण गेली, आणि तोफांनी व घोडदळाने त्यांची भयंकर कत्तल केली. टेबलावरही हेच व्हावे अशी माझी सुप्त इच्छा होती. मी प्रत्येक माळवद सुटे ठेवले होते, एका घरात चूल केली होती, एकात कणगी. गेल्या दिवाळीत आम्ही ती लढाई खेळलो. भाचा वेलस्ली, मी पोलमान, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा हॅनोव्हरचा सेनापती. भाच्याने अर्थातच ऑरॉकची चूक केली नाही. असईकडे जाऊ नये हे दोनशे वर्षांनंतर सगळ्यांनाच माहीत असते. त्याने माझ्या गावाला टेपने मोजून लांबून वळसा घातला. पूर्ण दुपारभर कोणीही एक माळवद उचलले नाही.

मात्र त्याच दिवशी दुसऱ्या दोन गावांवरून आमचा वाद झाला. लढाईच्या आधी वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाड्यांनी सांगितले की जवळपास उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. त्याने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहिली, इंग्रजी कागदांत त्यांची नावे पिपळगाव आणि वरूर अशी येतात, आणि ताडले की इतकी जवळ गावे एकमेकांकडे ये-जा असल्याशिवाय वसत नाहीत. उतार असलाच पाहिजे. तो होता. मला वाटते सगळ्या दिवसाची किल्ली त्या घरांच्या जागेत होती, आणि मी ती सहा घरे असईच्याही आधी कापून ठेवली होती. भाच्याचे म्हणणे, नदी ओलांडून झाल्यावरच टेबल सुरू होते, ती गावे टेबलाच्या बाहेर पडतात. मी स्वयंपाकघरातून जेवणाचा पाट आणला, खाली स्टूल आणि चार पुस्तके घालून टेबलाच्या उंचीचा केला, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवला आणि त्यावर नदीची निळी पट्टी व दोन गावे मांडली. भाचा बराच वेळ त्या पाटाकडे पाहत राहिला. मग त्याने फासे खाली ठेवले आणि विचारले, "मामा, उतार कुठं आहे ते मला न सांगता फक्त गावं मांडलीस तर?"

आता असे ठरले आहे की पुढचा खेळ एक चाल अलीकडून सुरू करायचा. नदीकाठी मी चार-पाच ठिकाणी वस्ती ठेवणार, काही एकाच काठावर, काही फसव्या, थोड्या तिरप्या अंतरावर, आणि समोरासमोरची जोडी एकच. नदी कुठून उतरायची हे त्याने घरे पाहून ठरवायचे. चुकला तर अर्धी पलटण पाण्यात. त्यासाठी आणखी चौदा घरे लागतील. बाइंडरकडचा दोन मिलिमीटरचा पुठ्ठा संपला आहे, नवा येईपर्यंत आठ दिवस थांबा असा त्याचा निरोप आहे. चपडा स्पिरिटमध्ये घालून मी ओट्यावर ठेवला आहे, बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'काकवी नव्हे' असे लिहून.